विसाव्यापर्यंतचा खांदा

तिरडी बांधून झाली होती, मडक्यात गोवऱ्या धुमसत होत्या आणि भिवाजीच्या अंगणात वाद चालला होता तो उकंडरावांच्या उजव्या खांद्यावरून.

"काकाजी, तुमी मांगून नुसते चाला," हरीओम म्हणाला. भिवाजीचा हा एकुलता एक मुलगा. वाळूजला कंपनीत कामाला होता, पहाटेच्या गाडीनं पोचला होता. "बाबाच म्हनत होते, उकंडच्या त्या खांद्यावर मी चिमनी बी बसू देनार नाई म्हून."

"तो मले काय बी म्हने. सारी जिंदगी म्हनला. म्या कधी आयकलं का त्याचं?"

"नाई आयकलं म्हून तं अकरा डाव निखळला!" भिवाजीचा पुतण्या किशन मागून बोलला.

अकराचा आकडा खरा होता. गावात लहान पोरांनाही तो ठाऊक होता.

पहिल्यांदा निखळला तेव्हा उकंडराव वीस वर्षांचे होते. बुजलेल्या गोऱ्ह्यानं कासरा ओढला आणि खांद्यातून हात उतरला. भिवाजी त्या वेळी बापाकडून हाडं बसवायला नुकताच शिकत होता. बाप बाहेरगावी, आणि दारात हा मित्र गुरासारखा हंबरत उभा. भिवाजीनं घाबरत घाबरत हात ओढला आणि तो बसला! त्याच्या हातानं बसलेलं ते पहिलं हाड. पुढं त्याचं नाव एवढं झालं की रिसोडकडून, शेलूबाजारकडून जीपगाड्या भरून माणसं यायची. उकंडरावांना मात्र जीप लागत नसे. मधे फक्त एक गल्ली होती. खांदा उतरला की डाव्या हातानं उजवा हात सांभाळत ते गल्ली ओलांडायचे आणि भिवाजीच्या ओट्यावर जाऊन बसायचे. एकदा कैऱ्यांना दगड मारताना उतरला, एकदा माळ्यावरचा हंडा काढताना. एकदा शेलूबाजारच्या फाट्यावर एसटीला हात दाखवताना उतरला. बस थांबलीच नाही, हात मात्र तसाच राहिला. एकदा तर ग्रामसभेत ठरावाला हात वर केला, ठराव मंजूर झाला आणि उकंडराव बोंबलत भिवाजीकडे पळाले.

दर वेळी भिवाजी आधी शिव्या द्यायचा, मग हाड बसवायचा, मग राहिलेल्या शिव्या द्यायचा. आणि मधल्या वेळात शिकवणी चालायची.

"हे पाह्य उकंड्या," तो बोटानं दाबत सांगायचा. "गळ्याखालचं हे आडवं हाड, पाठीवरचं हे पातं, आन हे दंडाचं. तीन हाडाईचा मेळ म्हंजे खांदा. मांडीच्या हाडाले देवानं खोल वाटी देली. खांद्याले देली बशी. आता बशीत चेंडू ठेवला तं टिकन का? भवतालच्या दोऱ्याईच्या भरोश्यावर हाय सारं. आन तुया दोऱ्या तं जुन्या खाटेवानी ढिल्या झाल्या."

"मंग देवानं बशी काहून देली?"

"हात चारी बाजूनं फिराले पाह्यजे म्हून. वाटी असती तं तुले सोताची पाठ खाजवता आली नसती, लेका!"

वाशीमच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं, ऑपरेशन करा, दोऱ्या आवळून देतो. भिवाजीनंही तेच सांगितलं. उकंडराव म्हणाले, "कायले? तू हाय ना." विषय तिथंच संपला होता.

आणि काल संध्याकाळी भिवाजी भाकरीचा तुकडा मोडता मोडता गेला. आजार नाही, दवाखाना नाही, काही नाही. उकंडराव धावत आले, त्याच्या पायाशी बसले आणि सकाळपर्यंत तसेच बसून राहिले. डोळ्यांतून टिपूस नाही. गावाचं बारीक लक्ष असतं अशा गोष्टींवर. "पाह्य बापा, एवढा दोस्त, पन रडला नाई," असं दोन-तीन जणांनी एकमेकांना सांगूनही झालं होतं. उकंडरावांना ते ऐकू आलं होतं आणि लागलंही होतं. रडायचं त्यांच्याही मनात होतं. पण छातीत नुसता दगड बसला होता, तो हलायलाच तयार नव्हता. त्यांनी मनाशी एकच धरलं होतं. भिवाजीला घाटापर्यंत आपण न्यायचं. पुढून, उजव्या बाजूनं. रडणं नाही जमलं तर नाही, एवढं तरी जमलं पाहिजे.

"आता पक्का झाला खांदा," त्यांनी ठोकून दिलं. "दीड साल झालं, एक डाव निखळला नाई."

"हात वर करून दाखवा मंग," किशन म्हणाला.

उकंडरावांनी झटक्यात हात वर केला. डावा.

हरीओमच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याला डावा-उजवा कळला नाही. किशन तेवढ्यात कुणाच्या तरी हाकेला वळला. तांड्यावरून आलेल्या धनसिंगनं मात्र पाहिलं. धनसिंगचं मनगट भिवाजीनं बसवलं होतं, तोही सकाळपासून खांदा द्यायला उभा होता. त्यानं उकंडरावांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि तो गप्प बसला.

शेवटी भिवाजीची बायको हिरीबाई बोलली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "घेऊ द्या रे त्याहिले. हे उठून बसले असते तं शिव्या देल्या असत्या. आता कोन देते?"

"बरं, विसाव्यापोत," हरीओमनं तडजोड केली. विसावा म्हणजे अर्ध्या वाटेवरची जागा. तिथं तिरडी खाली टेकवायची, पुढच्यांनी मागं जायचं, मागच्यांनी पुढं यायचं. "विसाव्यापोत काकाजी, फुडं किशन घेईन."

उकंडरावांनी मान हलवली. घाटापर्यंत सोडायची नाही, हे त्यांचं ठरलेलंच होतं.

तिरडी उचलली आणि पहिली अडचण लक्षात आली. उकंडराव बुटके. बाकीचे तिघं ताडमाड. बांबू तिघांच्या खांद्यावर टेकला आणि उकंडरावांच्या खांद्यापासून वीतभर वरच राहिला. खांदा द्यायचा आणि खांद्याला काही लागतच नाही, म्हणजे काय? कुणीतरी दुपट्ट्याची चौघडी करून त्यांच्या खांद्यावर ठेवली, तरी चार बोटं अंतर उरलंच. मग त्यांनी उजवा हात वर करून बांबू धरला. हात घसरू नये म्हणून सुतळीचा एक फेर लोंबत होता त्यात मनगट घातलं. हात वर, कोपर बाहेर. भिवाजीनं जन्मभर जे करू नको म्हणून सांगितलं, तेच त्याच्या शेवटच्या वाटेवर चाललं होतं.

"राम बोलो भाई राम!"

मारुतीच्या पारापर्यंत सगळं ठीक झालं. पुढं नळयोजनेच्या पाइपासाठी रस्ता आडवा खोदून ठेवलेला. तीन महिने झाले, पाइप आला नव्हता, नाली मात्र तयार होती. डावीकडच्यानं नाली ओलांडायला लांब ढांग टाकली, तिरडी उचलली गेली, सुतळीत अडकलेला हात वर खेचला गेला, आणि टक्!

हा आवाज बाकी कुणाला ऐकू आला नसेल. उकंडरावांना अकरा वेळांची ओळख होती.

डोळ्यांपुढं काजवे चमकले. तोंडातून बोंब निघणार, ती त्यांनी दातांखाली दाबली. ओरडलं तर तिरडी थांबेल. विसाव्याआधी ती खाली टेकवायची नाही, रस्त्यात तर नाहीच नाही. लोक गोळा होतील, कुणी हसेल, कुणी म्हणेल, सांगत होतो ना. भिवाजीच्या मयतीचा तमाशा होईल आणि आपल्याला कायमचं बाजूला काढतील. हात काढून घ्यावा तर फास आवळला होता, मनगट निघेना. म्हणजे उकंडराव आता तिरडी नेत नव्हते, तिरडीच त्यांना घेऊन चालली होती.

मनात सवयीनं पहिला विचार आला तो हाच, की चला, भिवाजीकडे जाऊ. आणि दुसऱ्या पावलाला कळलं, भिवाजी तर इथंच आहे, डोक्यामागं हातभर, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला. या मुलखात हा खांदा बसवणारा एकच माणूस, आणि त्यालाच पोचवायला आपण निघालोय! छातीतला दगड हलला. डोळ्यांतून धारा लागल्या. दुखण्याच्या किती आणि दुःखाच्या किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गावाला मात्र काही शंका नव्हती.

"रडले! उकंडराव रडले!" शब्द मागच्या टोकापर्यंत गेला. माणसं पुढं येऊ लागली. आपल्याकडे रडणाऱ्याला धीर द्यायचा तर कुठं हात ठेवतात, ते तुम्हाला माहीत आहे. "धीर धरा काकाजी," म्हणत पहिल्यानं खांद्यावर थाप मारली. उजव्याच. डावीकडून तिरडी आडवी येत होती ना. उकंडरावांच्या तोंडून "अगागागा" निघालं. ते ऐकून दुसऱ्याला आणखी भरून आलं, त्यानं जोरात थोपटलं. तिसरा पैलवान होता. त्यानं नुसतं थोपटलं नाही, खांदा दाबून धरला आणि कानाशी म्हणाला, "असा दोस्त पुन्हा होने नाई."

"नाई रे बापा, नाई," उकंडराव कळवळले. "सोड मले!"

"पाहा, सोड म्हनून राह्यले! शुद्ध नाई त्याहिले!"

एका पोरानं मोबाइलवर चित्रण केलं आणि चालता चालता गावच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, मैत्री असावी तर अशी. वेशीपर्यंत पोचेतो चाळीस जणांनी हात जोडून उत्तरं दिली होती. ज्यांनी सकाळी टिपसाचा हिशेब मांडला होता तेही त्यात होते.

मग आला किशन. "द्या काकाजी आता. थकले तुमी."

"विसाव्यापोत ठरलं हाय," उकंडराव दातओठ खात म्हणाले.

"अवो, लटलट कापून राह्यले तुमी! माया काकाचा मले बी हक्क हाय ना!" म्हणत किशननं बांबूला हात घातला आणि उकंडरावांना कमरेला धरून बाजूला ओढलं. मनगट सुतळीत, कंबर किशनच्या हातात. उकंडरावांनी जी आरोळी ठोकली ती घराच्या दारात थांबलेल्या बायकांपर्यंत गेली आणि तिकडे नव्यानं हंबरडा फुटला. "भिवाजीऽऽ!" असे ते ओरडले होते. अशा वेळी माणूस आईला हाक मारतो. उकंडरावांना खांदा उतरल्यावर पंचेचाळीस वर्षं याच नावाची सवय होती.

किशननं घाबरून हात सोडला. "ऱ्हाऊ द्या, काकाजी, ऱ्हाऊ द्या," म्हणत तो स्वतःच रडायला लागला. मडकं धरून पुढं चाललेल्या हरीओमला मागं वळून पाहायचं नव्हतं, रीत तशी नाही. त्याचे खांदे मात्र हलताना दिसत होते.

मागच्या बांबूखालून धनसिंगचा आवाज आला, हळूच. "काकाजी, निखळला का?"

 उकंडरावांनी उलट विचारलं, "किती उरला विसावा?"

"त्या बाभळीपोत. पन्नास पावलं."

"चाल मंग. धक्का नोको देऊ."

धनसिंगनं मागची बाजू खांद्यावरून उचलून दोन्ही हातांवर तोलून धरली आणि तो पाऊल मोजून टाकू लागला. ती पन्नास पावलं उकंडराव भिवाजीशी मनात भांडत चालले. साल्या, एक दिवस अगोदर नाही निखळला. काल सकाळी निखळला असता तर ओट्यावर बसलो असतो, शिव्या खाल्ल्या असत्या, चहा पिऊन आलो असतो. शेवटचं बोलणं तरी झालं असतं. काल दिवसभरात आपण त्याच्याशी धड एक शब्दही बोललो नाही. सकाळी त्यानं ओट्यावरून हाक मारली, तर हरभरा सोंगायची घाई म्हणून "येतो, येतो" करून शेताकडे निघून गेलो. हे आठवलं आणि उकंडरावांना खांद्याचा विसर पडला. दोनच पावलं पडला, पण पडला.

बाभूळ आली. हरीओमनं मडकं खाली ठेवलं. किशननं आकडे मोजले, "एक, दोन, तीन, टेका!" तिघं एकदम खाली बसले. उकंडराव बसू शकले नाहीत. त्यांचे पाय उभे, आणि मनगट सुतळीसकट तिरडीबरोबर खाली चाललं. त्या कोपऱ्यावर भिवाजीचं सगळं वजन आलं. कुठं धक्का नाही, हिसका नाही, हात सरळ खाली ओढला गेला, सावकाश, जसा तो स्वतः ओढायचा तसा. उकंडराव कमरेतून वाकले, मग गुडघ्यावर आले, आणि बांबू मातीला टेकायच्या आत बारीकसा आवाज झाला.

टक्.

दुखणं गेलं. एकदम, दिवा मालवावा तसं.

उकंडराव तोंड उघडं टाकून तिरडीकडे पाहत राहिले. धनसिंग पुढं धावला, त्यानं सुतळी सोडवून मनगट मोकळं केलं. मनगटावर लाल वळ उठला होता. धनसिंगनं हलक्या बोटांनी खांदा चाचपला.

"बसला, काकाजी," तो कुजबुजला. "कोनं बसवला?"

उकंडरावांनी हनुवटीनं दाखवलं. धनसिंगनं तिकडे पाहिलं, डोक्याचा रुमाल काढला आणि तिरडीला हात जोडले.

एवढ्यात हरीओम जवळ आला.  "काकाजी, मायं चुकलं. म्या तुमाले विसाव्यापोत म्हनलं. आता मी काईच म्हनत नाई. घाटापोत तुमीच चाला."

"हो जी, तुमीच चाला," किशन म्हणाला. पैलवान म्हणाला. सगळं गाव तेच म्हणू लागलं. सकाळी ज्यासाठी उकंडराव खोटं बोलले होते, डावा हात वर करून फसवलं होतं, ते आता सगळे हात जोडून देत होते.

उकंडराव उठले. तिरडीपाशी आले. हात पुढं झाला, आणि थांबला.

"नाई," ते म्हणाले. "किशन, तू घे."

"काहून जी?"

"हाड बसवल्यावर वजन उचलाचं नसते."

कुणाला काही उमगलं नाही. धनसिंगनं आपल्या रुमालाची झोळी करून त्यांचा हात गळ्यात बांधला, तेव्हाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा उकंडराव भिवाजीचं ऐकत होते. आता निखळला तर बसवायला कोणी नव्हतं.

"राम बोलो भाई राम!" तिरडी पुढं गेली. उकंडराव सगळ्यांच्या मागं राहिले. आता खांदा दुखत नव्हता, पण डोळे थांबत नव्हते. लोकांचं धीर देऊन झालं होतं, त्यामुळे जवळ कुणी आलं नाही. घाटापर्यंत ते एकटेच, मनसोक्त रडत गेले.

दुपारी घरी आले. बायकोनं, सोजरबाईनं, अंगणात पाणी काढून ठेवलं होतं. झोळी पाहून तिनं कपाळाला हात लावला. एकट्या डाव्या हातानं त्यांना अंगावर पाणी घेता येईना, तेव्हा तिनंच पाणी घातलं, अंग पुसलं, कोरडा सदरा बाही उसवून चढवला. मग रुमालाची गाठ नीट करत तिनं विचारलं, "हे कितीक दिवस बांधून ठेवाचं?"

"मले काय मालूम? थांब, इचारून येतो," उकंडराव म्हणाले आणि उठले. एका पायात चप्पल घातली. दार ओलांडलं. गल्लीपलीकडे ओटा रिकामा होता, त्यावर बायकांनी धुतलेली सतरंजी वाळत घातली होती.

उकंडराव एका पायात चप्पल घालून तिथंच उभे राहिले. सोजरबाई बाहेर आली आणि त्यांना डाव्या हाताला धरून आत घेऊन गेली.